ताप उतरला, पण धोका टळला का?

सर्चमध्ये सर्वांत वर येणारे एआयचे उत्तर म्हणजे निदान नव्हे. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचा मजकूर जुळवून ते तयार होते. रुग्णाचे वय, चालू असलेली औषधे किंवा तापाचा दिवस कितवा, हे सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही, आणि बहुतेक वेळा ते विचारतही नाही. भारतात गूगलची ही सोय ऑगस्ट २०२४ मध्ये आली. उत्तर चुकीचे असले तरी भाषा ठाम असते, म्हणून घरातली माणसे त्यावर विसंबतात.

अमेरिकेतील साठ वर्षांच्या एका गृहस्थाने चॅटजीपीटीला विचारून तीन महिने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाल्ले. भास होऊ लागले आणि त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. ही हकीकत २०२५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत अशा उत्तरांची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. प्रस्तुत लेखकाच्या डोंबिवलीतील घरी डेंग्यूच्या रुग्णाचा ताप पाचव्या दिवशी उतरला. एआयचे उत्तर आले, ‘प्रकृती सुधारत आहे.’ संध्याकाळी पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी प्लेटलेटच्या आकड्यावर न थांबता रक्तदाब आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) पाहिले व लगेच दाखल करून घेतले. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा धोका ताप उतरतानाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात असतो. ‘ताप गेला म्हणजे बरे वाटणार’ हा इतर तापांचा हिशेब इथे घातक ठरतो.

औषधांबाबत तर अधिकच जपावे. ताप आणि अंगदुखीवर आयब्युप्रोफेन सुचवले जाते, पण डेंग्यूची शंका असताना ते आणि ॲस्पिरिन टाळायचे असते, कारण रक्तस्राव वाढू शकतो. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन देतात, मात्र गरोदर स्त्री आणि आठ वर्षांखालील मूल यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागतो.

एआयचा उपयोग डॉक्टरांना काय विचारायचे याची यादी करण्यापुरता ठेवावा. उत्तराखालचा मूळ दुवा उघडून तो कोणाचा आहे ते पाहावे. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांपैकी काहीही दिसले तर शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा, किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कल्याणचे रुक्मिणीबाई, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज यांपैकी जवळचे रुग्णालय गाठावे.