औषधाच्या वाटा

“डॉक्टर, गोळी नको, सुईच द्या,” असा आग्रह पुष्कळ घरांतून धरला जातो. सुईचे औषध बलवान आणि गोळीचे दुबळे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः औषध कोणत्या वाटेने शरीरात जाते आणि तेथून किती शोषले जाते, यावर त्याचा गुण पुष्कळसा अवलंबून असतो. ह्या वाटांचा थोडक्यात परिचय आपण करून घेऊ.

गिळलेली गोळी पोटात विरघळून मुख्यतः लहान आतड्यातून शोषली जाते. तेथील रक्त आधी यकृतात जाते. यकृत हे शरीराचे जकातनाकेच होय. काही औषधांचा मोठा भाग तेथेच निकामी होतो. हृदयविकाराच्या कळेवरील नायट्रोग्लिसरीन गिळल्यास ते बहुतांशी असेच वाया जाते. म्हणून ती गोळी जिभेखाली ठेवतात. तेथून औषध यकृताला वळसा घालून रक्तात उतरते आणि काही मिनिटांतच कळ ओसरू लागते.

इन्शुलिन हे प्रथिन असल्यामुळे पोटात गेले की डाळीतील प्रथिनांप्रमाणे पचून जाते. डिसेंबर १९२१ मध्ये टोरांटो येथे डॉ. बँटिंग यांनी आपल्या एका मधुमेही मित्राला स्वादुपिंडाचा अर्क तोंडावाटे दिला. गुण आला नाही. पुढच्याच महिन्यात शुद्ध केलेला अर्क एका १४ वर्षांच्या मुलाला टोचला, तेव्हा त्याच्या रक्तातील साखर उतरली.

त्वचेखाली टोचलेले औषध सावकाश, स्नायूतील बहुधा त्याहून लवकर आणि शिरेतील तत्काळ रक्तात मिळते. मात्र शिरेत गेलेले औषध परत घेता येत नाही.

मग शीर हीच सर्वश्रेष्ठ वाट काय? १९७१ साली बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून रोग्यांना पाजले. ग्लुकोजच्या सोबतीने आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते. ह्या साध्या उपायाने असंख्य प्राण वाचले.

विद्यार्थी मित्रहो, प्रत्येक औषधाची वाट विचारपूर्वक ठरविलेली असते. जिभेखालची गोळी गिळू नये, सावकाश विरघळणारी गोळी कुटू नये आणि सुईचा हट्ट धरू नये. घरातील वडीलधाऱ्यांची औषधे आपल्याच हातून दिली जात असतील, तर ती कशी द्यावयाची हे आपण आधी नीट विचारून घ्यावे.