मुलाच्या हाताला लागेल असे पुस्तक : वर्गखोली आणि तिचे छोटे ग्रंथालय

हिरा गुहेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर जो पहिला दिव्य संदेश अवतरला, त्याचा पहिलाच शब्द वाचण्याच्या आज्ञेचा होता आणि त्याच आयतींत लेखणीचाही उल्लेख आहे (सूरह अलक, आयती १ ते ५). ही गोष्ट आपण अनेकदा ऐकतो आणि इतरांना अभिमानाने सांगतो. पण क्षणभर थांबून स्वतःला एक प्रश्न विचारू या. आपल्या घरात किंवा मोहल्ल्यात सात-आठ वर्षांच्या मुलाने हात पुढे केला, तर त्याच्या हाताला लागेल असे एक तरी पुस्तक आहे काय?

पवित्र कुरआन आपण जुजदानात गुंडाळून उंच फळीवर ठेवतो. ईशवाणीचा हा आदर योग्यच आहे. चूक पुढच्या पायरीवर होते. मुसहफसाठी असलेला अदब नकळत सर्व पुस्तकांना लागू होतो. गोष्टीचे पुस्तकही कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागते, आणि "हात लावू नकोस, फाटेल" हे पुस्तकाविषयीचे पहिले वाक्य मुलाच्या कानी पडते. शाळांतूनही हेच घडताना दिसते. जडसंग्रह नोंदवहीत नोंदलेले पुस्तक हरवले तर भरपाई आपल्यावर येईल, या धास्तीने पुस्तके पेटीतच राहतात. पुस्तक सुरक्षित राहते, मूल मात्र न वाचताच चौथीतून बाहेर पडते. म्हणून या पाठात एकच गोष्ट समजून घ्यायची आहे : पुस्तक ही अमानत आहे, आणि पुस्तकरूपी अमानतीचा हक्क तिच्या वापराने अदा होतो.

प्रेषितकाळातील आदर्श

मदीनेत प्रेषितांच्या मशिदीलगत 'सुफ्फा' नावाचा सावलीचा ओटा होता. ज्यांना घरदार नव्हते असे सहाबा तेथे राहत आणि शिकत. तेथे ना भव्य इमारत होती, ना सामानसुमान, पण शिकणाऱ्यासाठी राखून ठेवलेली जागा होती. बद्रच्या लढाईनंतर (हिजरी २, इ. स. ६२४) ज्या कैद्यांना लिहिता-वाचता येत होते, पण मुक्ततेची रक्कम देण्याची ऐपत नव्हती, त्यांनी अन्सारांच्या दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि मुक्त व्हावे, असे ठरविण्यात आले. हे शिक्षक मुस्लिम नव्हते, कालपर्यंत ते शत्रूच्या सैन्यात होते. तरीही अक्षरज्ञान त्यांच्याकडून घेण्यात प्रेषितांनी कमीपणा मानला नाही. हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) यांनी हजरत हफ्सा (रजि.) यांना लेखन शिकविले होते, आणि पुढे कुरआनची संकलित प्रत याच हजरत हफ्सांच्या स्वाधीन राहिली. मुलींच्या शिक्षणाविषयी ज्यांच्या मनात अजून किंतु आहे, त्यांनी या घटनेवर शांतपणे विचार करावा.

मुकुटबनचे उदाहरण

आता हा आदर्श आपल्या भूमीवर उतरवून पाहू. यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी तालुक्यात, वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मुकुटबन हे गाव आहे. तेलंगणाची सीमा तेथून जवळ आहे. परिसरात कापूस, सोयाबीन आणि तूर पिकते, आणि पोटात चुनखडी व दगडी कोळसा असलेला हा भूभाग आहे. या तालुक्यात मराठीबरोबर कोलामी, गोंडी आणि तेलुगू कानी पडते, तर मुस्लिम घरांत उर्दू-दखनी बोलली जाते. असे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी, मकतबमध्ये अरबी आणि घरी तिसरीच बोली, असा रोजचा प्रवास करते.

६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला शाळेचा हक्क २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने दिला आहे, आणि प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे त्या कायद्याच्या अनुसूचीत नमूद आहे. तेव्हा मकतब हा शाळेला पर्याय नाही. शाळेत नाव घालणे, मुलाला नियमित पाठविणे आणि शाळेतील पुस्तकांची आस्थेने चौकशी करणे, हे पालकांचे पहिले कर्तव्य होय. परंतु शाळेपूर्वी आणि शाळेनंतर ज्या खोलीत मुले तासभर बसतात, ती खोली उत्तम प्राथमिक वर्ग होऊ शकते. असे पाऊल मुकुटबनसारख्या गावी कसे टाकता येईल, ते क्रमाने पाहू.

खोलीची मांडणी

समजा, मशिदीलगत १५ फूट रुंद आणि २० फूट लांब अशी खोली आहे आणि पंचवीस मुले येतात. ३०० चौरस फुटांत प्रत्येक मुलाच्या वाट्याला १२ चौरस फूट येतात. यात बैठकही होईल आणि पुस्तकांसाठी एक कोपराही मोकळा राहील. बाके लागत नाहीत, स्वच्छ सतरंज्या पुरेत. मुलांना एकामागे एक अशा रांगांत न बसविता पाच-पाचांच्या गटांत बसवावे, आणि प्रत्येक गटात मोठ्या वर्गातील एक मूल असावे. पहिली ते चौथीची मुले एकत्र असतात, तेव्हा एकटे गुरुजी सर्वांपर्यंत एकाच वेळी पोहोचू शकत नाहीत. गटातील मोठे मूल लहानाला अक्षर दाखविते, आणि दाखविता दाखविता त्याचे स्वतःचेही पक्के होते.

उजव्या हाताने लिहिणाऱ्यावर उजेड डावीकडून पडावा, म्हणजे हाताची सावली पाटीवर येत नाही. भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा काळ्या रंगाने रंगवून 'तळफळा' करावा. मुले बसल्या जागी त्यावर लिहितात, आणि मोठ्या फळ्यासमोर उभे राहण्याची भीती नाहीशी होते. चपलांसाठी दाराबाहेर फळी, झाकलेला पिण्याच्या पाण्याचा माठ आणि मुलांच्या नजरेच्या उंचीवर एक घड्याळ एवढे असले की पुरे. विदर्भातील उन्हाळा लक्षात ठेवून मार्च-एप्रिलमध्ये वर्ग फज्रनंतर लगेच घ्यावा. खिडक्या पहाटे उघडाव्यात आणि ऊन चढताच झाकाव्यात.

पुस्तकांचा कोपरा

मुसहफ आणि कायदे यांसाठी वेगळी, उंच आणि स्वच्छ फळी ठेवावी, रिहाल तेथेच असावेत. त्यांना हात लावण्यापूर्वीचा अदब मुलांना प्रेमाने शिकवावा. इतर पुस्तकांची मांडणी मात्र जमिनीपासून तीन फुटांच्या आत असावी. पुस्तकांचे कणे बाहेर काढून दाटीवाटीने ठेवण्यापेक्षा मुखपृष्ठ समोर दिसेल असे ठेवावे, कारण न वाचता येणारे मूल चित्र पाहूनच पुस्तक निवडते. सुताराकडून मांडणी करून घेण्याइतके पैसे नसतील तर भिंतीला दोन खिळे ठोकून दोरी बांधावी आणि पातळ पुस्तके मधोमध उघडून तिच्यावर टांगावीत. दोरीवरचे हे ग्रंथालय जवळजवळ फुकटात उभे राहते.

प्रारंभी १०० पुस्तके पुरेशी आहेत. त्यांची वाटणी साधारण अशी करता येईल : एका पानावर एक-दोन ओळी असलेली चित्रपुस्तके ४०, छोट्या गोष्टी ३०, पैगंबरांच्या कथा व सीरत १५, पशुपक्षी, झाडे, तारे आणि नकाशे यांविषयीची १०, आणि शब्दकोश व इतर संदर्भपुस्तके ५. नॅशनल बुक ट्रस्टच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेतील मराठी पुस्तके पातळ आणि स्वस्त असतात. बालभारतीचे 'किशोर' हे मासिक १९७१पासून निघत आहे, त्याची वर्गणी अवश्य भरावी. प्रत्येक पुस्तकाला रंगीत पट्टी चिकटवावी : लाल म्हणजे सोपे, पिवळी म्हणजे मध्यम आणि हिरवी म्हणजे थोडे अवघड. एवढ्या खुणेवर मूल आपले पुस्तक आपण शोधते.

काळ्या जमिनीच्या या प्रदेशात उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात ओल, हे पुस्तकांचे दोन शत्रू आहेत. मांडणी भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी, म्हणजे ओल व वाळवी लागत नाही. कसरीसाठी पुस्तकांमागे कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा आणि महिन्यातून एकदा पुस्तके सावलीत वाऱ्यावर पसरावीत. हे काम मुलांकडूनच करून घ्यावे.

भाषेचा प्रश्न

कोणत्या भाषेतील पुस्तके ठेवावीत, यावर काही ठिकाणी वाद होतो. प्रत्येक पैगंबर आपल्या लोकांच्या भाषेत संदेश देण्यासाठी पाठविला गेला, असे कुरआन सांगतो (सूरह इब्राहीम, आयत ४), आणि भाषांची विविधता ही अल्लाहची निशाणी म्हणून गणतो (सूरह रूम, आयत २२). प्रेषितांच्या आदेशावरून हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी यहुद्यांची भाषा अल्पावधीत आत्मसात केली होती. मग मुकुटबनच्या मुलाने मराठी उत्तम वाचावी, उर्दू जपावी आणि तेलुगूचे चार शब्द शेजाऱ्याकडून शिकावेत, यात विरोध कुठला? गुरुजींनी घरच्या बोलीचा उपहास करू नये. मूल आपल्या बोलीत गोष्ट सांगेल, मोठे मूल ती लिहून घेईल, आणि त्या कागदांना टाके घालून झालेले हस्तलिखितही मांडणीवर ठेवावे. गावातील कोणत्याही समाजाचे मूल दारात आले तर त्यालाही पुस्तक मिळावे. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने फार मोठा मानला आहे.

देवघेव आणि विश्वास

पुस्तक घरी द्यावे की नाही? अवश्य द्यावे. ख्यातनाम भूगोलकार याकूत अल-हमवी यांनी मर्व शहरातील दहा ग्रंथालयांचे कृतज्ञतेने वर्णन केले आहे. त्यांच्या घरी तेथील २०० किंवा त्याहून अधिक ग्रंथ असत आणि बहुतेक ग्रंथ काहीही तारण न घेता त्यांना दिलेले असत. मंगोल आक्रमणाच्या आधी त्यांना मर्व सोडावे लागले आणि ते शहर उद्ध्वस्त झाले. परंतु त्या ग्रंथांतून त्यांनी घेतलेले ज्ञान त्यांच्या भूगोलकोशात आजही शिल्लक आहे. कुलूप घालून ते वाचले नसते.

देवघेवीसाठी एक साधी वही पुरते : मुलाचे नाव, पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची तारीख आणि आणल्याची तारीख. जुम्याच्या दिवशी, सोयीच्या वेळी, पुस्तके बदलून द्यावीत. दर महिन्याला दोन मुलांना ग्रंथपाल नेमावे, एक मुलगा आणि एक मुलगी. वही तेच लिहितील. पुस्तक फाटले तर दंड घेऊ नये. फाडणाऱ्यानेच डिंक आणि पातळ कागद घेऊन ते सांधावे. वापरताना नकळत झालेली हानी आणि जाणूनबुजून केलेला बेपर्वाईपणा यांतील फरक मुलाला समजावून सांगावा, कारण अमानतीचा पहिला धडा तो येथेच शिकतो. कापूस वेचणीच्या दिवसांत काही मुले आई-वडिलांबरोबर शेतावर जातात आणि वर्गात दिसत नाहीत. अशा मुलांच्या घरी पुस्तक पोहोचते करावे. त्या दोन महिन्यांत वाचन तुटले तर ते पुन्हा जोडणे कठीण जाते.

खर्च कोठून येईल?

पंचवीस कुटुंबांनी दरमहा एक पुस्तक दिले तर चार महिन्यांत १०० पुस्तके होतात. अनेक चित्रपुस्तके शंभर रुपयांच्या आत मिळतात. जकातीचे हक्कदार सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत निश्चित केलेले आहेत, म्हणून खोली आणि पुस्तके यांसाठी जकातीची रक्कम परस्पर वापरू नये, जाणकार आलिमांना विचारावे. सदक्याचे दार मात्र सर्वांसाठी खुले आहे. मृत्यूनंतरही ज्यांचे पुण्य चालू राहते अशा तीन गोष्टी हदीसमध्ये सांगितल्या आहेत : अखंड चालणारा सदका, लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती. मुलाच्या हाती गेलेल्या पुस्तकात या तिन्ही गोष्टींचा योग जुळून येऊ शकतो. अकीका, निकाह किंवा कुरआन-पूर्तीच्या प्रसंगी मिठाईबरोबर एक पुस्तक वर्गाला देण्याची प्रथा आपण सुरू केली, तर वेगळा निधी उभारण्याची फारशी गरजच पडणार नाही.

चिंतनासाठी

१. आपल्या घरातील किती पुस्तके सात वर्षांच्या मुलाच्या हाताला लागतात? आज ती मोजून पाहा.
२. आपल्या मुलाच्या शाळेतील ग्रंथालयाची पुस्तके मुलांच्या हाती जातात का? पुढील पालकसभेत नम्रपणे विचारा.
३. येत्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटे मुलाला जवळ बसवून त्याला वाचून दाखवा. स्वतःला वाचता येत नसेल, तर त्याला वाचायला सांगा आणि मन लावून ऐका. अशिक्षित आईचे ऐकणे हीसुद्धा मोठी तालीम आहे.

वाचकहो, सुफ्फाच्या सावलीत बसणाऱ्यांजवळ फार थोडे होते, तरीही त्यांच्याकडून जगाला पुष्कळ मिळाले. आपल्याजवळ एक खोली आहे, एक दोरी आहे, काही पुस्तके आहेत आणि पुढे आलेले कोवळे हात आहेत. त्या हातांपर्यंत पुस्तक पोहोचविण्याची जबाबदारी पार पाडण्याचे सामर्थ्य अल्लाह आपल्या सर्वांना देवो, आणि आपल्या मुलामुलींच्या ज्ञानात वाढ करो. आमीन.