दमा, व्यायाम आणि लखनौची हवा

दमा असलेल्या माणसाने जिने चढू नयेत, धावपळ करू नये, शक्यतो बसून राहावे, असा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. धाप लागते म्हणून हालचाल टाळली जाते. हालचाल नसल्यामुळे हृदयाची व स्नायूंची क्षमता घटते आणि मग थोड्याशा श्रमानेही पुन्हा धाप लागते. हे दुष्टचक्र भेदण्याचा एक मार्ग म्हणजे व्यायाम. मात्र तो औषधाच्या जोडीने करावयाचा असतो, औषधाऐवजी नव्हे. लखनौत झालेला एक अभ्यास आणि त्या शहराची हवा यांच्या आधारे हा विषय नीट समजून घेता येतो.

धाप का लागते?

दमा हा श्वासनलिकांच्या दीर्घकालीन दाहाचा विकार होय. दाहामुळे या नलिका अतिसंवेदनशील बनतात. एरवी नाकावाटे आत जाणारी हवा उबदार व ओलसर होऊन फुप्फुसात पोहोचते. वेगाने धावताना मात्र माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो. कोरडी, थंड हवा मोठ्या प्रमाणावर आत गेल्याने नलिकांचे अस्तर सुकते, तेथील पेशींतून काही रसायने स्रवतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. छाती दाटणे, खोकला, श्वासात शीळ वाजणे ही लक्षणे व्यायामाच्या वेळी, किंवा बहुधा तो थांबविल्यानंतर ५ ते १० मिनिटांत दिसतात. सवय नसलेल्या माणसाला लागणारी साधी धाप मात्र काही मिनिटांच्या विश्रांतीने, छाती न दाटता ओसरते. हा फरक ओळखता आला की मनातील निम्मी भीती कमी होते.

लखनौचा अभ्यास

योगाला शास्त्रीय कसोटी लावण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, ते याच हेतूने. त्याच वाटेवरचा एक अभ्यास लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातील फुप्फुसरोग विभागात झाला व २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम दमा असलेल्या २७६ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. नेहमीचे औषधोपचार दोन्ही गटांना होते. एका गटाने त्यांच्या जोडीला सहा महिने योगाभ्यास केला. या गटातील रुग्णांच्या रक्तातील हिमोग्लोबिन वाढले, तसेच पेशींचे रक्षण करणाऱ्या एका प्रतिऑक्सिडीकारक विकराचे प्रमाणही वाढले. पांढऱ्या पेशींची संख्या घटली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. योग करणाऱ्यांनी औषध सोडले नव्हते. त्यामुळे 'योगाने दमा गेला, आता पंप नको' असा निष्कर्ष या अभ्यासातून निघत नाही.

चालणे, सायकल, पोहणे अशा व्यायामांविषयीचे चित्रही असेच आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २१ अभ्यास व ७७२ रुग्ण यांचा विचार करण्यात आला. व्यायामाने दमेकऱ्यांची शारीरिक क्षमता वाढली व तो त्यांना चांगला सोसला. परंतु विश्रांतीच्या स्थितीतील फुप्फुसांच्या मोजमापात फारसा फरक पडला नाही. व्यायामाने शरीर समर्थ होते. दाह आटोक्यात ठेवण्याचे काम औषधाचेच राहते.

बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर दाह शमविणारा पंप हा आवर्ती ठेवीच्या हप्त्यासारखा आहे. त्रास नसतानाही तो नियमित भरावा लागतो. हप्ते चुकवून अडचणीच्या वेळी केवळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर विसंबणे म्हणजे शिल्लक नसलेल्या खात्यावर धनादेश देणे होय.

आरंभ कसा करावा?

प्रथम दमा आटोक्यात आहे काय, हे पाहावे. गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा दिवसा त्रास झाला काय? दम्यामुळे रात्री जाग आली काय? आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागला काय? दम्यामुळे एखादे काम टाळावे लागले काय? चौथा प्रश्न सर्वाधिक महत्त्वाचा आहे. ज्याने जिने चढणेच सोडले, तो 'मला काही त्रास नाही' असे प्रामाणिकपणे सांगतो. प्रत्यक्षात त्याचा दमा आटोक्यात नसतो. एकाही प्रश्नाचे उत्तर 'होय' असल्यास व्यायामापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

त्यानंतर १० ते १५ मिनिटे हळूहळू अंग तापवावे आणि बोलता येईल परंतु गाता येणार नाही, इतक्या वेगाने चालावे. शेवटीही वेग एकदम न थांबविता क्रमाने कमी करावा. आरंभी १० मिनिटे पुरेत. पुढे आठवड्याला एकूण १५० मिनिटांपर्यंत जावे. व्यायामापूर्वी पंप घ्यावा काय व कोणता, हे डॉक्टरांनी ठरवावे. आरामाचा पंप सदैव खिशात असावा. झटका आल्यास प्राणायामासह सर्व व्यायाम थांबवून ताठ बसावे, पंप घ्यावा आणि आराम न पडल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

हवा पाहून वेळ ठरवावी

गंगेच्या मैदानातील लखनौत हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो व त्यात धूर, धूळ आणि धुके साचते. अशा दिवशी गोमतीनगरच्या जनेश्वर मिश्र उद्यानात पहाटे वेगाने चालणे दमेकऱ्यास अपायकारक ठरू शकते. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकात आरंभापासून लखनौचा समावेश होता. हा आकडा २०० च्या वर, म्हणजे 'खराब' श्रेणीत असल्यास घरातच आसने किंवा स्थिर सायकल हा व्यायाम करावा. इतर दिवशीही ऊन वर आल्यावर, नाकातोंडावर मफलर घेऊन बाहेर पडावे. हाच नियम मुंबई, पुणे वा नागपूर येथील दमेकऱ्यांनाही लागू पडतो.

प्रौढ वयात जडलेला दमा बहुधा दीर्घकाळ सोबत करतो. परंतु त्याच्या भीतीने जिने, बाजार आणि नातवंडांचे खेळ सोडून द्यावेत, असे मुळीच नाही. नियमित औषध, क्रमाने वाढविलेला व्यायाम आणि हवेचे भान ही त्रिसूत्री पाळणाऱ्यास सोडलेला जिना पुन्हा चढता येतो.