वाचून झाल्यावर काही विचारू नकोस

पोरी, मुलांना शाळेत घालायचं नाही हे तुमचं दोघांचं ठरलं तेव्हा मी काही बोलले नाही. आत्याने कुठे नाक खुपसावं आणि कुठे नाही, एवढं मला कळतं. पण पोरं पुस्तकाला हात लावत नाहीत, काय करू, असं तू परवा फोनवर विचारलंस, आणि हा माझा प्रांत. माझी सगळी नोकरी सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे झाली. तिथे बसून पुस्तकं वाचून होत नाहीत, पण कोण काय उचलतं, कोण काय न उघडताच परत करतं आणि कोणाची आई मागून काय बोलते, हे मात्र रोज दिसतं.

तेव्हा पहिली गोष्ट. मुलाने पुस्तक मिटलं की काही विचारू नकोस. ‘काय कळलं? तात्पर्य काय? नवीन शब्द किती सापडले?’ यातलं एकही नको. शाळेत जाणारं मूल निदान घरी आल्यावर बाईंच्या तावडीतून सुटतं. तुझ्या पोरांच्या बाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असतात. आई आणि बाई एकच, वर्ग आणि घर एकच. पळून जायचं कुठे? पुस्तक ही तरी त्यांची पळून जायची जागा राहू दे. अभ्यासाची पुस्तकं एका कपाटात आणि ही दुसरीकडे, इतकं वेगळं ठेव. आपण होऊन गोष्ट सांगायला आली तर हातातलं काम टाकून ऐक. न सांगता उठून खेळायला गेली तर गोष्ट संपली.

तुम्ही घरशाळावाले गिजुभाई बधेकांचं नाव घेता, म्हणून सांगते. ‘दिवास्वप्न’मधला त्यांचा मास्तर वर्गात आल्यावर धडा उघडत नाही, गोष्ट सांगायला लागतो. पुस्तकं आली ती गोष्टीची चटक लागल्यावर. तू मात्र पुस्तक आणतेस आणि त्याच संध्याकाळी त्याच्यावर स्वाध्यायाचा कागद बनवतेस. फोनवर कौतुकाने सांगितलंस, म्हणून कळलं मला.

दुसरं, मोठ्याने वाचून दाखवणं. ते तू करतेस, पण थोरलीला वाचता यायला लागलं तसं तिच्यापुरतं बंद केलंस ना? ‘आता तुझं तू वाच.’ सगळ्या आया इथेच थांबतात. आपली लिपी अशी आहे की मुळाक्षरं आणि बाराखडी बसली की मूल काहीही वाचून टाकतं. अग्रलेखसुद्धा घडाघडा वाचेल. ते वाचणं जिभेचं. कान मात्र त्याच्या कितीतरी पुढे असतो. सात वर्षांच्या मुलीला स्वतः वाचायला चार ओळींची गोष्ट झेपते आणि ऐकायला अख्खी कादंबरी. फक्त झेपेल तेवढंच तिला मिळालं, तर पुस्तकं म्हणजे बाळबोध प्रकरण असंच तिला वाटणार. म्हणून दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत खुशाल वाचून दाखव. तिला झेपतं त्याच्या वरचं, धाकट्याला त्याचं. आणि एकत्र बसलेच तर वरचंच घे, धाकट्याला निम्मं कळलं तरी चालतं.

वेळ ठरलेली ठेव. रात्रीचीच हवी असं नाही. तुमच्याकडे दुपारी जेवणानंतर सगळे सुस्तावतात, ती उत्तम. प्रकरण संपेपर्यंत वाचू नकोस. फुरसुंगीचा फेणे कुठेतरी अडकला आणि आता सुटतो की नाही अशी वेळ आली की खूण घालून पुस्तक तिथेच, हाताला येईल असं ठेवून दे आणि कामाला लाग. पुढचं स्वतःच वाचून काढलं तर ओरडू नकोस. त्याचसाठी तर ठेवलं होतंस. भा. रा. भागवतांची वाक्यं मोठ्याने वाचायला फार सोयीची आहेत, ताम्हनकरांचा ‘गोट्या’ही तसाच. जुने शब्द येतील, त्यांचे अर्थ सांगत बसू नकोस, विचारले तरच सांग.

आठवड्यातून एखाद्या वेळी जावईबापूंना वाचू दे. आईच वाचते म्हटलं की मुलगे, विशेषतः, ती बायकांची गोष्ट समजतात.

आता जोडाक्षरं. धाकटा तिथेच अडलाय, हे तुझ्या बोलण्यावरून लक्षात आलं. ‘रस्त्यावर’ आलं की तो ‘रसतयावर’ म्हणतो, तू म्हणतेस, ‘नीट बघ, अर्धा स, अर्धा त.’ तो पुन्हा वाचतो, पुन्हा चुकतो. तोवर रस्त्यावर कोण उभं होतं हे दोघंही विसरता. असं करू नकोस. तो थांबला की मनात तीनपर्यंत मोज, आणि शब्द सांगून टाक. त्याला पुढे जाऊ दे. तोच शब्द पुढच्या पानावर येतो, पुन्हा सांग. ओळ चुकत असेल तर वाचत असलेल्या ओळीखाली एक जुनं पोस्टकार्ड धरायला दे, बोट नको, बोटाने मूल शब्दाशब्दाला ठेचकाळतं. जोडाक्षरं न वापरता लिहिलेली छोटी पुस्तकं मराठीत मिळतात, ती थोडे दिवस आण. फार दिवस नकोत, त्यांतली भाषा जरा ओढून-ताणून आणलेली असते. माधुरी पुरंदरेंची चित्रांची पुस्तकं त्याहून बरी. चित्र नीट पाहणं हेही वाचनच, आणि त्यांच्या चित्रांत खिडकीबाहेर, पलंगाखाली काहीतरी चाललेलं असतं. त्यांनीच निवडलेले ‘वाचू आनंदे’चे भाग थोरलीसाठी घेऊन ठेव. मराठीतले चांगले लेखक त्यांत तुकड्यातुकड्याने भेटतात, आणि एखादा तुकडा आवडला की पूर्ण पुस्तक मागायला मुलं येतात. आमच्या टेबलावर मी हे पाहिलंय.

वाचनालयाबद्दल एक आतली गोष्ट. वाचनालयातली पुस्तकं बांधणी करून ठेवलेली असतात. कडक पुठ्ठा, वर रेक्झिन, कण्यावर नंबर. टिकायला छान, पण मुखपृष्ठ गेलेलं. कपाटात सगळी सारखीच मातकट दिसतात आणि मुलं हातही लावत नाहीत. मग आया म्हणतात, आमच्याकडे वाचनाची आवडच नाही! मुलांना घेऊन जमिनीवर बस, दहा-बारा पुस्तकं काढून उघडी पसर, आतली चित्रं दिसू देत. घरीही तसंच. कणे दिसतील अशी रांग मोठ्यांसाठी. मुलांची पुस्तकं त्यांच्या हाताच्या उंचीवर, तोंड समोर करून, थोडीच. आणि दर काही दिवसांनी बदलून.

निवड त्यांची. एक तू निवड, बाकीची त्यांनी. भुतांचं घेतलं, विनोदांचं घेतलं, मागच्या वेळी वाचलेलंच पुन्हा घेतलं, घेऊ दे. अर्धं सोडलं तर सोडू दे. आपण ताटात टाकायचं नाही म्हणतो, ते पुस्तकाला लागू नाही. धाकट्याला गोष्टी आवडत नसतील तर गोष्टींवरच का अडतेस? त्याला यष्ट्यांचं वेड आहे ना? स्टँडवर घेऊन जा आणि पाट्या वाचून घे. क्रिकेटचा धावफलक, केकची कृती, पतंगाच्या मांज्यावरचं लेबल, सगळं वाचनच. माझ्या टेबलावर येणारे कितीतरी पट्टीचे वाचक लहानपणी फक्त पेपरातलं क्रीडापान वाचायचे.

मराठीचं एक बोलते, राग मानू नकोस. तुझा घरचा सगळा अभ्यासक्रम इंग्रजी. साहित्य तसंच मिळतं, मान्य. पण शाळेत न जाणाऱ्या मुलाला मराठीचा तासही नसतो, तेव्हा मराठी फक्त गोष्टींतूनच येणार. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय, त्याची वर्गणी भर. अंक टपालाने, मुलांच्या नावावर येऊ दे. स्वतःच्या नावाचं पाकीट फाडण्यात जी मजा आहे ती मोबाइलवर नाही. जुने अंक बालभारतीने संगणकावरही ठेवलेत, ते मग बघतील. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी पुस्तकं फुकट आहेत, प्रवासात उपयोगी पडतात.

थोरलीची दहावी मुक्त विद्यालयातून करायचं म्हणतेस. ती परीक्षा वयाच्या चौदाव्या वर्षापासून देता येते. म्हणजे अजून भरपूर वर्षं आहेत, आत्तापासून ‘परीक्षेत उतारा येतो’ असं तिला सांगू नकोस.

वाचायला उशीर झाला तर काळजी किती करायची, हे विचारलंस. घरशाळेत काही मुलं सातव्या-आठव्या वर्षी एकदम वाचायला लागतात, आणि ते चालतं. पण धाकट्याला आठ वर्षं उलटून गेली, रोज ऐकतोय, गोष्टी रंगवून सांगतोय, आणि तरी साधे शब्दही दर वेळी नव्याने ओळखावे लागताहेत, अक्षरं सारखी उलटीपालटी होताहेत, तर ‘त्याच्या कलाने’ म्हणत बसू नकोस. आधी डोळे आणि कान तपासून घे. मग अध्ययन अक्षमतेची तपासणी. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती होते. शाळेत निदान एखाद्या बाईंच्या लक्षात येतं. तुमच्याकडे लक्षात यायला तुम्ही दोघंच.

मे महिन्यात पाचगणीला येताय, तर जवळच्या भिलारलाही जा. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव झालंय, लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलेली आहेत, कोणीही बसून वाचावं. बालसाहित्याचं घर कुठलं ते विचारून मुलांना तिथे सोड आणि तू दुसऱ्या घरात जाऊन तुझं काहीतरी वाच. त्यांच्यावर नजर ठेवायला जावईबापू आहेत. स्ट्रॉबेरी मात्र रस्त्यावरची घेऊ नका, महाग लावतात.