चावी मैत्रिणीची, हात माझा... आणि विमा कुणाचा?

संपादक मंडळाने “या वेळी काहीतरी उपयोगाचं लिही, आणि मराठीतच लिही” असं फर्मान काढलं तेव्हा मला घामच फुटला. कॉन्व्हेंटची मुलगी मी. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत माझा अजूनही गोंधळ होतो! पण हा विषय मी पुस्तकात वाचून नाही, रस्त्यावर पडून शिकले आहे, म्हणून धीर केला. शुद्धलेखनाच्या चुका ग्रंथालयातल्या मॅडमनी दुरुस्त केल्या आहेत. विचारांच्या चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.

झालं असं. मागच्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी फाईल स्पायरल करून आणायची होती. रूममेटला म्हटलं, “चावी दे गं.” तिने पुस्तकातून मान वर न करता चावी फेकली. हॉस्टेलमध्ये यापेक्षा जास्त बोलायची पद्धतच नाही. गेटपुढच्या वळणावर खडीवरून स्कूटर घसरली आणि मी थेट पेरूच्या हातगाडीवर! पेरू रस्ताभर झाले, मला गुडघ्याला खरचटलं, आणि पेरूवाले काका हातावर पडले. मनगट फ्रॅक्चर.

एक्स-रे काढून होईपर्यंत रूममेट गाडीचे कागद घेऊन आली. विम्याची मुदत संपून अकरा दिवस झाले होते.

आता तुम्ही म्हणाल, काय हा निष्काळजीपणा! पण गंमत बघा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला एकदम ५ वर्षांचा आणि नव्या कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. म्हणजे पाच वर्षं कुणाला रिन्युअलची आठवण ठेवायची वेळच येत नाही. तिच्या बाबांनी लातूरला स्कूटर घेतली, पाच वर्षं निर्धास्त गेली, आणि सहाव्या वर्षाच्या पहिल्याच पंधरवड्यात मी पडले. तुमची गाडी त्या काळानंतरची असेल तर लेख इथेच ठेवा, आधी तारीख बघून या. मी थांबते.

विमा गाडीचा, माणसाचा नाही

आपल्याकडे मोटार विमा गाडीला चिकटलेला असतो. मालकाच्या परवानगीने आणि वैध लायसन्स असलेल्या कुणीही गाडी चालवली, तरी समोरच्या माणसाला झालेल्या इजेची भरपाई गाडीची विमा कंपनी देते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. मृत्यू किंवा शारीरिक इजा असेल तर त्या भरपाईला वरची मर्यादा नाही.

ज्याच्याकडे गाडीच नाही पण जो दुसऱ्याची चालवतो, त्याच्यासाठी वेगळा विमा असतो का? अमेरिकेत असतो. तिकडे एमएसला गेलेल्या आपल्या सीनियर्सना हे माहीत असेल. त्याला ‘नॉन-ओनर’ पॉलिसी म्हणतात. मित्राची किंवा भाड्याची कार चालवताना दुसऱ्याचं नुकसान झालं, तर साधारणपणे आधी गाडीमालकाचा विमा पैसे देतो आणि तो कमी पडला की ही पॉलिसी पुढे येते. चालवत असलेल्या गाडीची दुरुस्ती मात्र त्यात नसते. तिकडे याची गरज पडते, कारण सक्तीच्या विम्यालाही छत असतं. उदाहरणार्थ, टेक्सासमध्ये किमान विमा एका माणसाच्या इजेसाठी ३० हजार डॉलर्सचा.

आपल्याकडे हा चालवणाऱ्याचा विमा नाही, म्हणून सगळा भार गाडीच्या कागदावर. तो कागद संपलेला असेल तर काय होतं, ते मला पोलीस ठाण्यात कळलं. (जखमीला दवाखान्यात नेणं आणि २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणं हे चालवणाऱ्याचं कर्तव्य आहे, कलम १३४. पाय लटपटत होते, रेक्टर मॅडम सोबत आल्या म्हणून गेलो.) बिनविम्याची गाडी चालवणारी मी आणि चालवू देणारी ती, दोघीही दोषी. कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पण दंड ही छोटी गोष्ट. पेरूवाले काका दावा न्यायाधिकरणात गेले असते तर भरपाई विमा कंपनीने नाही, मी आणि गाडीच्या मालकाने खिशातून दिली असती. मालक कोण? आरसीवर ज्याचं नाव तो! सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात हेच सांगितलं आहे. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये सेकंडहँड बाइक्स पुष्कळ आहेत. सीनियरने ज्युनियरला विकली, त्याने त्याच्या ज्युनियरला, आणि आरसीवर नाव अजून पहिल्याचंच. तो बिचारा नोकरीला लागून बंगलोरला बसलाय, आणि इथल्या अपघाताची जबाबदारी त्याच्या नावावर!

मग चालवणाऱ्याचं काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. मीच जास्त जखमी झाले असते तर? थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. गाडी चालवणारी मी तिसरी नाही. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये निंगम्मा आणि २०२० मध्ये रामखिलाडी खटल्यात म्हटलं की मागून आणलेली गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा असतो. रामखिलाडी खटल्यातला माणूस दुसऱ्याच्या बाइकवर अपघातात गेला. चूक दुसऱ्या बाइकवाल्याची असल्याचं सांगितलं होतं, तरी घरच्यांनी दावा केला तो हा चालवत असलेल्या बाइकच्या विम्यावर. शेवटी पॉलिसीतल्या मालकाच्या अपघात विम्याचे १ लाख रुपये तेवढे मिळाले.

पुढे २०१८ मध्ये मालक-चालकाचा हा अपघात विमा १५ लाखांचा झाला, पण तो पॉलिसीत ज्याचं नाव आहे त्या मालकासाठी. मागून गाडी नेणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये. म्हणजे गाडीवर सगळ्यात जास्त धोका ज्याला, त्याच्याच नावाचा कागद कुठे नाही!

उपाय आहे, आणि तो कँटीनच्या वडापावाच्या भावात आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वय १८ ते ७०, बँकेत खातं हवं, वर्षाला २० रुपये (१ जून २०२२ आधी १२ होते). अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आल्यास १ लाख. गाडी कुणाची हा प्रश्नच येत नाही. आयुष्याच्या मानाने २ लाख काहीच नाहीत, पण सुरुवात तर करा. जमलं तर घरच्यांना सांगून मोठ्या रकमेचा वैयक्तिक अपघात विमाही घ्या.

चावी घेण्याआधी

१. विम्याची तारीख बघा. थर्ड पार्टी आणि ‘ओन डॅमेज’ या दोन वेगळ्या तारखा असू शकतात. मोबाईलवर एमपरिवहनमध्ये मिनिटभराचं काम आहे.

२. लायसन्स त्या प्रकारच्या गाडीचं आहे ना? बिनगिअरच्या लायसन्सवर बाइक चालत नाही. लर्निंगवर दुचाकीच्या मागे मित्राला बसवता येत नाही.

३. चावी देणाऱ्यांनो, लायसन्स नसलेल्याला गाडी दिलीत तर शिक्षा तुम्हालाही आहे (कलम १८०: तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० दंड किंवा दोन्ही). फर्स्ट इयरला कितीतरी जण सतराच वर्षांचे असतात. १८ च्या आतल्याला दिलीत तर गाडीमालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

४. गाडी आपटली तर खर्च आपणच देऊ या. मालकाने क्लेम केला की त्याचा ‘नो क्लेम बोनस’ जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत असतो. मैत्री टिकवायची असेल तर हा हिशोब लक्षात ठेवा.

५. हेल्मेट. सांगायला नको, तरी सांगते.

आमचं प्रकरण पेरूवाल्या काकांच्या चांगुलपणामुळे औषधपाणी आणि महिन्याभराची कमाई देऊन मिटलं. रूममेटच्या बाबांना फोन मीच केला. त्यांना मी कधी भेटलेही नव्हते. शिव्यांची तयारी ठेवली होती. सगळं ऐकून काका एवढंच म्हणाले, “पोरी, तुला लागलं नाही ना?” शिव्या परवडल्या असत्या. एका चावीपायी आपण कुणाकुणाला अडकवतो, ते मला त्या फोनवर कळलं.

प्लास्टर निघालं, हातगाडी परत तिथेच लागते. पेरू मी तिथूनच घेते. काका तिखट-मीठ लावता लावता विचारतात, “काय ताई, आज चालत?”