बोगद्यांतला वारा आणि मोकळा वारा

संत तुकाराम नगरच्या स्थानकावर मेट्रोंत बसून पुण्याकडे निघालें म्हणजे खडकीच्या पुढेंपर्यंत गाडी उंच पुलावरून धांवते. तिच्या समोरची हवा वर, खालीं व दोहों बाजूंस सरकून तिला वाट देते. शिवाजीनगर येण्यापूर्वीं तीच गाडी भुयारांत शिरते. तेथें हवेला सरकावयास जागा नाहीं. कांहीं हवा पुढें ढकलली जाते, आणि उरलेली गाडी व भिंत यांमधल्या चिंचोळ्या फटींतून वेगानें मागें येते. गाडी तीच, वेगही तोच धरला, तरी हवेचा विरोध मात्र निराळा. आमच्या आजच्या पाठाचा विषय एवढाच आहे. पण त्यापायीं विमानें व मोटारी बनविणाऱ्यांस पुष्कळ डोकें खाजवावें लागलें आहे.

नवें विमान आकाशांत सोडण्यापूर्वीं त्याची लहान प्रतिकृति करून ती वाऱ्याच्या बोगद्यांत, म्हणजे विंड टनेलमध्यें, बसवितात. प्रतिकृति जागच्या जागीं राहते व मोठ्या पंख्यानें वारा तिच्यावरून वाहवितात. वारा तिला किती उचलतो व किती मागें ओढतो, हें तिला जोडलेला तराजू दाखवितो. युक्ति उत्तम आहे. परंतु आकाशाला भिंती नसतात, बोगद्याला असतात; म्हणून तराजूवरचा आंकडा हा कोंडलेल्या विमानाचा आंकडा होय.

यांतील पहिली चूक समजण्यास सोपी आहे. पावसाळ्यांत दाराशेजारच्या नालींत एक वीट उभी करून पाहावी. विटेच्या दोहों अंगांनीं पाणी एकदम धांवूं लागतें. तीच वीट नदीच्या रुंद पात्रांत ठेविली तर पाण्याला तिची फारशी दखलही नसते. समजा, प्रतिकृतीनें बोगद्याचा विसावा हिस्सा अडविला. तितकीच हवा आतां एकोणीस हिश्शांतून जावयाची, म्हणजे तिचा वेग सरासरी 5 टक्क्यांहून थोडा अधिक वाढणार. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो, म्हणून तो सुमारें 11 टक्के वाढणार. हा हिशेब ढोबळ आहे. पण चूक केवढी होऊं शकते हें त्यावरून कळतें. कानपूरच्या आय. आय. टी. मधील राष्ट्रीय बोगद्याची चांचणीची जागा 3 मीटर रुंद व 2.25 मीटर उंच, म्हणजे पावणेसात चौरस मीटर आहे. आमच्या पिंपरी-चाकणच्या पट्ट्यांत तयार होणाऱ्या साध्या मोटारीचें समोरून दिसणारें क्षेत्रफळ 2 चौरस मीटर धरलें, तर ती त्या जागेचा जवळजवळ तीस टक्के भाग अडवील. तीच एक-तृतीयांश मापाची केली तर सव्वातीन टक्केच.

दुसरी चूक अधिक लबाड आहे. पंख विमानाला वर उचलतो तो हवेला खालीं ढकलून. ही खालीं जाणारी हवा पंखाभोंवतींच्या वाऱ्याची दिशा किंचित् खालीं वळविते, आणि त्यामुळें पंखाला उचलीबरोबर जास्तीचा रोधही सोसावा लागतो. बोगद्यांत तळची फरशी हवेला खालीं जाऊं देत नाहीं. मग पंखाची उचल वाढलेली दिसते, रोध घटलेला दिसतो. म्हणजे बोगदा विमानाची स्तुति करतो! त्या स्तुतीवर विश्वास ठेवणाऱ्याची धांवपट्टी कागदावर आखूड निघते, आणि खरी लांबी वैमानिकास कळते ती धांवपट्टी संपत आल्यावर.

या चुकीचें गणित जर्मनींतील गॉटिंगेनच्या लुडविग प्रांटल यांनीं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मांडलें. तें समजण्यास केशकर्तनालयांत जावें. समोर आरसा, पाठीमागें आरसा. मध्यें बसलेल्या एका माणसाच्या रांगाच्या रांगा दिसतात. प्रांटल यांची कल्पना अशी कीं, भिंत नाहींच असें समजा, व तिच्या पलीकडे पंखाचें उलटें प्रतिबिंब धरा. पंख जितकी हवा भिंतीकडे लोटतो तितकीच प्रतिबिंब उलट लोटतें. भिंतीच्या जागीं दोहोंची फिटंफाट होते, आणि हवा भिंत ओलांडत नाहीं. आतां या साऱ्या प्रतिबिंबांचा खऱ्या पंखावर काय परिणाम होतो तेवढा मोजला कीं भिंतीचा दोष हातीं आला. गोल बोगद्यांत लहान पंखासाठीं उत्तर फार सुटसुटीत येतें: पंखाच्या क्षेत्रफळाला बोगद्याच्या छेदाच्या क्षेत्रफळानें भागावें, उचलीच्या गुणांकानें गुणावें, आणि त्याचा आठवा हिस्सा घ्यावा. पंख छेदाच्या एक-दशांश व उचलीचा गुणांक 1 असेल तर 0.0125, म्हणजे कोनांत सुमारें पाऊण अंश. रोधाच्या गुणांकांतही तितकीच भर घालावी लागते. रुंदीच्या सहापट लांब अशा चांगल्या पंखाचा उचलीपायीं होणारा रोध या वेळीं सुमारें 0.053 असतो, त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा भिंतींनीं गिळलेला असतो!

प्रांटल यांच्याच हाताखालीं 1936 सालीं डॉक्टरची पदवी मिळविणारे विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यांतील हसूरचंपूचे. पुढें बंगळुरास त्यांनीं विमानविद्या शिकविली, आणि त्यांच्या देखरेखीखालीं आंखलेलें एच. टी.-2 हें विमान 1951 सालीं उडालें. तें नवशिक्या वैमानिकांसाठीं होतें, हें आम्हांस मुद्दाम सांगावेंसें वाटतें.

येथें एखादा विद्यार्थी म्हणेल, “आम्ही प्रयोगशाळेंत पुस्तकांतल्या उत्तरासाठीं आंकडे जुळवितों, तर गुरुजी रागावतात, मग हें काय?” प्रश्न रास्त आहे. फरक असा कीं, ही दुरुस्ती हवें असलेलें उत्तर पाहून ठरत नाहीं. ती बोगद्याच्या व पंखाच्या मापांवरून आणि तराजूनें दाखविलेल्या उचलीवरून ठरते, मग निकाल आवडो वा न आवडो. शिवाय मूळ आंकडा खोडीत नाहींत. तो एका रकान्यांत व दुरुस्त केलेला शेजारच्या रकान्यांत, असे दोन्ही लिहितात.

भिंतीच काढून टाकल्या तर? तसे उघडे बोगदेही असतात. मौज अशी कीं, गोल उघड्या झोतांत लहान पंखासाठीं चूक तेवढीच, पण उलट्या दिशेनें येते. यावरूनच अर्धवट उघड्या, फटींच्या भिंतींची कल्पना निघाली. 1940 नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील लँगली येथें ध्वनीच्या वेगाजवळच्या चांचण्यांसाठीं ती उपयोगांत आली. आतां भिंतींवरचा दाब ठिकठिकाणीं मोजून संगणकाकडूनही दुरुस्ती काढतात. मात्र प्रतिकृति फारच मोठी असेल, तर हवा पंखावरून सुटण्याची जागाच बदलते, आणि मग कोणतेंही गणित लागू पडत नाहीं. अशा वेळीं लहान प्रतिकृति करून मोजमाप पुन्हां पहिल्यापासून घ्यावें लागतें.