व्यंग पाहायचे की खेळायचे?

साहित्यकृतीचे माध्यमांतर झाले की वाद ठरलेलाच असतो. कादंबरीचे नाटक झाले तरी वाद, नाटकाचा चित्रपट झाला तरी वाद. परंतु एखाद्या उपहासात्मक व्यंगचित्रमालिकेचा व्हिडिओ गेम झाला, तर त्यातील उपहासाचे काय होते, हा प्रश्न आपल्या वर्गात सहसा निघत नाही. तो आमच्या वसतिगृहात निघाला. गिलावड्याचा पुडा मध्ये ठेवून आम्ही पाच-सहा जण रात्री दोनपर्यंत भांडलो. त्या भांडणातून जे हाती लागले ते मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

भांडणाचा विषय 'साऊथ पार्क' ही अमेरिकन मालिका. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या दोघांनी ती निर्माण केली. पहिला भाग ऑगस्ट १९९७ मध्ये दूरचित्रवाणीवर आला. कोलोराडो राज्यातील एका लहान गावातली चार शाळकरी मुले आणि त्यांच्या तोंडून राजकारण, धर्म, पैसा, प्रसिद्धी या सर्वांची यथेच्छ टवाळी, असे तिचे स्वरूप आहे. चित्रे मुद्दाम कागदाची कात्रणे हलवल्यासारखी. भाषा इतकी शिवराळ, की तिच्यातले एकही वाक्य या अंकात छापता येणार नाही.

या मालिकेवरचा पहिला मोठा खेळ १९९८ चा. त्यात गावातून फिरत बर्फाचे गोळे फेकायचे आणि अंगावर येणाऱ्या टर्की पक्ष्यांना लोळवायचे. नाव मालिकेचे, चेहरे मालिकेचे. उपहास मात्र बाहेरच राहिला. कर्त्यांनाही तो पसंत पडला नव्हता. त्यामुळे २०१४ मध्ये 'द स्टिक ऑफ ट्रुथ' आला तेव्हा लेखन त्यांनी स्वतःच्या हातात ठेवले होते. मधल्या काळात मूळ प्रकाशक कंपनीचे दिवाळे निघाले आणि खेळ लिलावात दुसऱ्या कंपनीकडे गेला, ही हकीकतही त्या मालिकेच्या एखाद्या भागात शोभली असती. युरोपातील काही आवृत्त्यांत व ऑस्ट्रेलियात त्यातील थोडी दृश्ये गाळावी लागली. कर्त्यांनी त्या जागी काय गाळले याचे वर्णन करणारी पाटीच लावली! कात्रीचाही विनोद करून टाकला.

चाहत्यांत येथे दोन तट पडतात. पहिला म्हणतो, खेळ हुबेहूब मालिकेसारखा दिसतो, बोलतो, म्हणजे आपण एक लांबलचक भागच खेळतो. आणखी काय हवे? दुसऱ्याचे म्हणणे असे की, हुबेहूबपणा म्हणजे रूपांतर नव्हे. जुने विनोद ओळखून हसणे ही आठवण झाली, उपहास नव्हे. शिवाय मधूनमधून लढाया करीत बसल्यावर विनोदाची धार राहत नाही. मी सुरुवातीला पहिल्या तटात होतो. आता नाही. याला कारण आपले चिमणराव.

चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांच्या कथा चिमणराव स्वतःच सांगतो. आपण किती शहाणे वागलो हे तो सांगत जातो आणि त्याचे बावळेपण आपण ओळींच्या मधून वाचतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. दोघांची कामे अविस्मरणीय ठरली. पण माझे आजोबा म्हणतात की पडद्यावर चिमणराव दिसतो, पुस्तकात तो आपल्या कानाशी असतो. पडद्यावर आपण त्याला बाहेरून पाहतो. म्हणजे पात्र तेच, प्रसंग तेच. बदलते ती आपली बसण्याची जागा. उपहासाच्या रूपांतरात चेहऱ्यापेक्षा ही जागा महत्त्वाची, असे मला वाटते.

खेळ याच्या उलट करतो. तो प्रेक्षकाला उचलून गावात नेऊन सोडतो. 'द स्टिक ऑफ ट्रुथ'मध्ये आपण गावात नवीन आलेला मुलगा असतो. आपण जवळजवळ बोलतच नाही आणि सगळे आपल्याला हिणवतात. हे नुसते अनुकरण नव्हे, हे मालिकेला करताच आले नसते.

पुढचा खेळ २०१७ चा. त्याचे नाव अश्लील कोटी आहे, म्हणून देत नाही. त्यात सुरुवातीलाच खेळ किती कठीण हवा ते ठरवायचे असते. त्यासाठी एक पट्टी सरकवायची. पट्टी कठीणकडे जाते तसा आपल्या मुलाचा रंग काळा होत जातो. कार्टमन नावाचा आगाऊ पोरगा समजावतो, की याचा लढाईवर परिणाम होणार नाही, फक्त उरलेल्या सगळ्या आयुष्यावर होईल.

आम्ही मोठ्याने हसलो. आमच्यातला एक हसला नाही. तो मूर्तिजापूर तालुक्यातला, शेतमजुराचा मुलगा, रंगाने आमच्या सर्वांत काळा. कोणीतरी गमतीने त्याच्या हातात यंत्र दिले आणि विचारले, तू पट्टी कुठे ठेवशील? तो म्हणाला, "मले काहून विचारता बे? मी तं जलमापासून त्याच टोकाले आहो." खोलीत कोणी बोलले नाही. माझेही हसू ओशाळले.

या प्रसंगानंतर वाद संपायला हवा होता, पण खरा तेव्हाच सुरू झाला. एक मित्र म्हणाला, ही क्रूर थट्टा आहे. दुसरा म्हणाला, थट्टा काळ्या रंगाची नाही, त्या रंगाला आयुष्य कठीण करणाऱ्यांची आहे. मला दुसरे म्हणणे पटते, परंतु एका अटीवर: हसणाऱ्याला आपण पट्टीच्या कोणत्या टोकाला आहोत हे कळले पाहिजे. आम्हाला ते आमच्या मित्राने कळवले, खेळाने नव्हे.

आपल्या वऱ्हाडाला सहभागाचे व्यंग नवे नाही. खामगाव-जळगाव जामोद भागात वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा (१८७१–१९३४) सुदामा स्वतः कथेत वावरतो आणि हसू त्याच्यावरही येते. त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे पोळ्याच्या झडत्या. तोरणाखाली बैल उभे असतात, एक जण झडती टाकतो, दुसरा तिला उत्तर देतो. सावकार, पुढारी, कापसाचा भाव, कोणीच सुटत नाही. पण म्हणणारा स्वतः कर्जात असतो, आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक असते. तेथे पट्टी सरकवावी लागत नाही.

या कसोटीवर मार्च २०२४ मधला 'स्नो डे' फार कमी पडतो. कात्रणे गेली, घनाकृती बाहुल्या आल्या. चौघांनी मिळून बर्फात मारामारी करायची. बऱ्याच चाहत्यांची तक्रार अशी की, यात बोचणारे काही उरलेच नाही. फिरून १९९८ चे बर्फाचे गोळे!

त्या रात्री मात्र आम्ही २०१७ चाच खेळ पुढे नेला. मित्राने यंत्र परत दिले नव्हते. त्याने पट्टी पार सोप्या टोकाला नेली. आम्ही त्याच्याकडे पाहत राहिलो. "एक डाव असंई पाहू दे ना," तो म्हणाला, आणि खेळू लागला.